तिरडीचा दोर

हातात कुठलाही दोर आला की म्हातारा आधी तो दोन चिमटींत धरून उलटा फिरवून बघायचा आणि म्हणायचा, "मास्तर, पीळ पाह्यला का?" माझ्या पिशवीच्या बंदालाही त्याने सोडलं नाही.

जैनथच्या अलीकडे आमचं गाव. तिथे तो धान्याची फाटकी तागाची पोती शिवायचा. शिवण्यापलीकडे गेलेलं पोतं उसवून, ओल्या हाताने धागे मांडीवर वळून दोर करायचा. त्याच्या उजव्या मांडीवर केस म्हणून उरला नव्हता. आम्ही त्यावरून चिडवायचो, तोही हसायचा.

आता बाजारात जिकडे तिकडे प्लास्टिकची पोती. "ज्वारीचा जीव गुदमरते त्याच्यात," तो करवादायचा. तागातून हवा खेळते, हे त्याने मला, विज्ञानाच्या मास्तराला, शिकवलं!

पण त्याचा खरा हट्ट वेगळाच. घरात खुंटीला तागाच्या दोराचं एक वेटोळं कायम टांगलेलं. गावात कुणीही गेलं, कुठल्याही जातीचं, की तिरडी बांधायला तो ते घेऊन निघायचा. एकदा बाजेसाठी मी तेच मागितलं, तर उखडलाच.

"तुले दुसरा वळून देतो. त्याले हात नोको लावू."

"काऊन बाबा?"

त्याने खुंटीवरचं वेटोळं सारखं केलं.

"माही बुढी गेली, त्या वक्ताले घाईत तिरडीले नायलॉन बांधला. सोडाचा राहून गेला. जळला नाई तो, वितळला. तिच्या हाताले चिकटला. म्या पाह्यलं, मास्तर."

मागच्या उन्हाळ्यात म्हातारा गेला. मी खुंटीकडे धावलो. खुंटी रिकामी! आठवड्यापूर्वीच पलीकडच्या मोहल्ल्यातल्या एका बाईच्या तिरडीला तो दोर गेला होता. नवा वळायला त्याच्या अंगात ताकद उरली नव्हती.

कुणीतरी दुकानातून नायलॉन आणला. "खबरदार!" मी ओरडलो. वर्गातही मी एवढ्या मोठ्याने कधी ओरडलो नव्हतो.

मग आम्ही त्याच्या दारातच बसलो. त्याचीच पोती उसवली, हात ओले केले, मांडीवर धागे वळू लागलो. शेतकरी, तहसीलातला कारकून, मी. मांड्या सोलून निघाल्या. ऊन चढत होतं, पण 'आटपा' असं कुणी म्हणालं नाही.

बांधण्याआधी मी दोर चिमटीत धरून उलटा फिरवला. लगेच उलगडला. ओशाळून पुन्हा घट्ट वळला.

स्मशानापर्यंत तो टिकला. तिथे सोडायला हात पुढे आले, मी म्हटलं, राहू द्या. आणि जवळ उभा राहून बघत राहिलो. सगळ्यात आधी दोरच जळाला. तेव्हा कुठे मला रडू आलं.