अंतराळात निसटणारा पाना

हुक बंद झाला असं वाटून मी पाना सोडला, आणि तो धाडकन माझ्या पायावर पडला.

फरिदाबादच्या एका छोट्या कारखान्यात मी क्वालिटी बघायचे. उदारीकरणानंतर परदेशी ऑर्डरी येऊ लागल्या होत्या, त्यातली ही सगळ्यात मानाची. यानाबाहेर काम करताना अंतराळवीर प्रत्येक अवजार दोरीने पोशाखाला बांधून ठेवतात. त्या दोरीच्या टोकाचा हुक आम्ही बनवत होतो. मापं ड्रॉइंगप्रमाणे चोख होती. पण अंतराळवीरांचे हातमोजे हवेने फुगून ताठ होतात, बोटांना फारसं कळत नाही, असं मी वाचलं होतं. म्हणून लोकरीच्या मोज्यांवर नवऱ्याचे स्कूटरवरचे चामडी मोजे चढवून मी हुक लावून बघत होते. मधूनच तो अर्धवट अडकायचा.

मालक खन्नासाहेब वैतागले.

"मॅडम, ड्रॉइंग उनका है. आपको क्या?"

"सर, ऊपर पाना छूट गया तो?"

"दूसरा ले लेंगे, यार! एक पाना ही तो है. और उनकी गलती निकाली, ऑर्डर गया तो?"

ती भीती मलाही होती. तरी म्हटलं, "सर, इस पर मैं साइन नहीं करूँगी."

त्यांनी ड्रॉइंग माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाले, "फॅक्स भेजो. ज़िम्मेदारी आपकी."

उत्तर येईना. खन्नासाहेब माझ्याशी कामापुरतंच बोलू लागले. आणि एक दिवस ऑर्डर देणाऱ्या परदेशी कंपनीचे वयस्कर इंजिनिअर स्वतःच आले, खरे हातमोजे घेऊन. त्यांनी ते घालून हुक लावला, काढला, पुन्हा लावला. शेवटी पाना पडलाच.

"चूक आमच्या ड्रॉइंगची," ते म्हणाले. मग खन्नासाहेबांना समजावलं, "तुमचा पाना शेकड्यांत मिळतो, आमचा लाखांत जातो. खास धातू, कडक ऊन आणि गोठवणाऱ्या थंडीतल्या चाचण्या, शिवाय वर न्यायचा खर्च. तो निसटला की काम अडतं. आणि बंदुकीच्या गोळीपेक्षा वेगाने तो पृथ्वीभोवती फिरत राहतो. उद्या कुणाच्या यानाला लागला, तर त्याची किंमत कोण सांगणार?"

खन्नासाहेबांनी पाना उचलून हळूच टेबलावर ठेवला.

हुक पूर्ण बंद होईपर्यंत दिसत राहणारी एक लाल पट्टी मी सुचवली. ती मंजूर झाली. नवी ऑर्डर आधीपेक्षा मोठी होती.

पुढे प्रत्येक पाहुण्याला खन्नासाहेब छाती फुगवून सांगायचे, "वो गलती हमने पकड़ी थी."

मी कधी त्यांना टोकलं नाही. कारखान्यात जबाबदारी एकट्याची असते, शाबासकी सगळ्यांची.