एकच जागा

कोलकात्यात माझी बदली झाली तेव्हा मी केंद्रीय दलात सब-इन्स्पेक्टर होते आणि माझी ड्यूटी होती विमानतळावर, बायकांची झडती घेण्याच्या बूथमध्ये. पडदा सरकवून बाई आत येते, हात पसरते, आपण मेटल डिटेक्टर फिरवतो, शिक्का मारतो, पुढची बाई. दिवसाला शेकडो. नवरा कारखान्यातल्या नोकरीमुळे पुण्यात, मुलगी आठवीत, तीही त्याच्याजवळच. मी फोनवर तिची आई होते.

शेजारच्या बूथमध्ये एक हवालदार होती, कोलकात्याजवळच्या बजबज गावची. वडील तागाच्या गिरणीत वायरमन होते, ते गेले. घरी ती आणि आजारी आई. आईच्या आजाराचे कागद जोडून तिने मोठ्या मिनतवारीने घराजवळची बदली मिळवली होती. पहाटे लोकलने सियालदह, तिथून दुसरी गाडी पकडून विमानतळाजवळचं दमदम, असा तिचा रोजचा प्रवास. मी तिच्याहून तीन-चार वर्षांनी मोठी, हुद्द्यानेही वरची. ती मला दीदी म्हणायची. आम्ही हिंदीत बोलायचो. तिला मराठी ऐकायला आवडायचं. मुलीशी माझा फोन चालू असला की ती उगाच जवळ येऊन बसायची.

दलात पुढे जायचं तर नुसती वर्षं भरून भागत नाही. काहीतरी खास शिकावं लागतं. कुणी श्वानपथकात जातं, कुणी कमांडो होतं, कुणी प्रशिक्षण केंद्रात शिकवायला. त्या वर्षी बॉम्बशोधक आणि नाशक पथकाच्या कोर्सचं पत्रक लागलं. सहा महिने बाहेर राहायचं, परत आल्यावर वेगळं काम, बढतीत प्राधान्य. आमच्या युनिटमधून एका महिलेला पाठवायचं ठरलं होतं. आधी लेखी परीक्षा, मग साहेबांची शिफारस.

मी अर्ज भरला, कारण कोर्स केलेल्यांना बदलीसाठी ठिकाण सुचवता येतं असं ऐकलं होतं. मला पुणे हवं होतं. तिने अर्ज भरला, कारण तिला ते काम करायचं होतं. घरातला जुना रेडिओ, मिक्सर, शेजाऱ्यांचे पंखे, सगळं ती स्वतः दुरुस्त करायची. मला तर बॅटरीचा अधिक कुठला आणि उणा कुठला, इथपासून सुरुवात होती.

तिनेच मला शिकवलं. विश्रांतीच्या खोलीत, जुन्या ड्यूटी चार्टच्या पाठकोऱ्या कागदांवर ती सर्किट काढायची.

"दीदी, वीज पाण्यासारखीच. वाट मिळाली की जाते. आता सांगा, ही वाट कुठे तुटलीय?"

मी चुकले की ती हसायची नाही. नवा कागद घ्यायची. महिनाभर हे चाललं. परीक्षेत आम्ही दोघी पास झालो, तिचे गुण माझ्याहून बरेच जास्त होते.

मग एके दुपारी साहेबांनी मला बोलावलं. दोघींच्या फायली समोर होत्या.

"तुमच्याच शिफ्टमध्ये काम करते ती," ते म्हणाले. "पोरगी हुशार आहे. सहा महिने टिकेल का तिकडे? तुम्ही तिला जवळून पाहता."

खरं तर माझ्याच स्पर्धकाबद्दल मला विचारायलाच नको होतं. पण त्यांनी विचारलं, आणि मी उत्तर दिलं.

"सर, तिची आई आजारी असते. त्याच कारणावर तिला इथली बदली मिळालीय. मधेच कोर्स सोडून यावं लागलं, तर जागा फुकट जाईल."

यात एक शब्दही खोटा नव्हता. केबिनमधून बाहेर पडताना मी स्वतःला हेच सांगत होते. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं होतं. चार दिवसांनी माझं नाव लागलं. तिने माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं आणि सर्किटांचे ते सगळे कागद नीट लावून, टाचून मला दिले. "तिकडे लागतील," म्हणाली.

कोर्स कठीण होता. जड सूट घालून उन्हात चालायचं, घामाने डोळे झोंबत असताना वायर ओळखायची. मी पास झाले. बढतीही मिळाली. बदलीसाठी पुणे लिहून दिलं होतं. उत्तर आलं की प्रशिक्षित महिला अधिकारी कोलकात्यात एकच आहे, तेव्हा सध्या तिथेच राहावं. मुलीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं." एवढं बोलून तिने फोन बाबांकडे दिला.

परत आले तेव्हा ती त्याच बूथमध्ये होती. मी कोर्सला गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात तिची आई वारली, हे मला एका तिसऱ्याच सहकारी बाईकडून कळलं. आणि कोर्ससाठी हवालदारांना वयाची जी अट होती, अधिकाऱ्यांहून कमी, ती तिने दरम्यान ओलांडली होती. आता ती मला मॅडम म्हणत होती. मी इन्स्पेक्टर झाले होते, त्यामुळे त्यात वावगं काही नव्हतं.

एका सुट्टीच्या दिवशी मी बजबजला तिच्या घरी गेले. आईच्या फोटोला हार होता. तिने चहा केला. मी कप हातात धरूनच सांगून टाकलं, साहेबांनी काय विचारलं आणि मी काय म्हणाले ते.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "यादी लागायच्या आधी साहेबांनी मलाही बोलावलं होतं. मी सांगितलं, मावशी येऊन राहणार आहे, सगळं ठरलंय. ते म्हणाले, तुझी सीनियरच सांगते की तुला जमणार नाही."

"मग तू काही बोलली का नाहीस मला?"

"काय बोलणार? तुम्ही खोटं बोलला असतात तर भांडले असते." तिने माझ्या हातातला कप घेतला. चहा गार झाला होता. "आईने माझी बॅगसुद्धा भरून ठेवली होती. तिलाच जास्त हौस होती."

मी माफी मागितली. ती "ठीक आहे" म्हणाली, आणि मग आम्ही दोघी बराच वेळ गाड्यांच्या वेळांबद्दल बोललो.

पुढच्या वर्षी मी तिच्यासाठी वयाची अट शिथिल करावी म्हणून अर्ज केला. तिचे परीक्षेतले गुण लिहिले, तिने मला शिकवल्याचंही लिहिलं. आधीच्या वेळी मी काय बोलले होते, ते मात्र लिहिलं नाही. अर्ज एका ओळीच्या शेऱ्यासह परत आला, नियमात बसत नाही म्हणून. मी तो घेऊन तिच्या बूथपाशी गेले. तिने उभ्या उभ्या वाचला, घडी घालून माझ्याकडे परत दिला आणि म्हणाली, "मॅडम, रांग वाढतेय."

मी बाजूला झाले. एक म्हातारी बाई काठी टेकत पडद्याआड गेली आणि तिने आपले हात पसरले.