पार्किंगमधली राखण

राखणीच्या रविवारी दशरथ घाडीने सकाळपासून दोनदा दाढी केली. तिसऱ्यांदा आरशासमोर उभा राहिला, तेव्हा रत्नप्रभेने नवऱ्याच्या हातातून ब्रशच काढून घेतला आणि आज तुमचं लग्न आहे की काय, असं विचारलं. दशरथ नुसता हसला. बासष्ट वर्षांचा माणूस, निम्मं आयुष्य लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेलं. काळ्याकुट्ट शाफ्टमध्ये दोरावर लटकताना त्याला कधी घाम फुटला नव्हता, तो आज पंख्याखाली फुटला होता.

कांजूरमार्गच्या त्यांच्या चाळीला एक राखणदार होता. दशरथचे वडील गिरणीत होते तेव्हा मालवणकडच्या मंडळींनी उंबराखाली बसवलेला देव, म्हणजे एक शेंदूर लावलेला दगड. पुढे चाळ गेली, उंबर गेला, चौदा मजली इमारत आली. देवाला मात्र बिल्डरने पार्किंगमध्ये दोन खांबांच्या मधे टाइल्स लावून जागा दिली. दर पौषात त्याला राखण द्यायची, म्हणजे कोंबडा कापायचा. गाऱ्हाणं घालायला, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला मागणं मागायला, दशरथसारखा आवाज कुणाचा नव्हता आणि कापायला दुसरं कुणी पुढे येत नव्हतं, म्हणून बावीस वर्षं दोन्ही कामं त्याच्याच गळ्यात. खायला मात्र चौदाही मजले खाली उतरायचे.

गेल्या वर्षी घोळ झाला. कोंबडा तीन दिवस आधी आला आणि दशरथच्या घरी राहिला. रात्री रत्नप्रभेच्या शिलाई मशीनवर झोपायचा, दिवसा दशरथच्या हातून भात खायचा. रविवारी दशरथने हात पुढे केला, तर भात मिळेल म्हणून तो आपणहून हातात आला. दशरथने त्याला कापला, गाऱ्हाणं पुरं केलं आणि त्या दिवसापासून तो मटण-कोंबडीला शिवला नाही. मासे सोडणं त्याला जमलं नाही, तो काही संत नव्हता. लोकांना सांगितलं, ॲसिडिटी झालीय. त्या खोटेपणाची त्याला वर्षभर लाज वाटत होती.

यंदा मात्र त्याने बेत केला होता. एक भलामोठा कोहळा गोणपाटात गुंडाळून त्याने आपल्या स्कूटरमागे लपवला. कोंबड्याच्या जागी कोहळा देवाला चालतो, हे त्याने गावाकडे लहानपणीच पाहिलं होतं. अडचण देवाची नव्हती, कमिटीची होती. अध्यक्ष नितेश पवईच्या एका ऑफिसात साहेब. त्याच्याजवळ विषय काढून पाहिला, तर प्रथा मोडली आणि उद्या कुणाला काही झालं तर जबाबदार कोण, असं म्हणून त्याने उडवून लावलं होतं. पण गाऱ्हाणं तर दशरथच्याच तोंडी होतं, आणि देवासमोर कबूल केलेलं मोडायची हिंमत अख्ख्या इमारतीत कुणाच्यात नव्हती.

अकराला पार्किंग भरलं. नितेशने आणलेला तुरेबाज कोंबडा खांबाला बांधला होता. दशरथने डोळे मिटले आणि आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा, आज तुझी सगळी लेकरा तुझ्या पायाकडे जमली हत..."

"व्हय म्हाराजा," सगळे गरजले.

"जी काय इडापिडा आसात, ती भायल्या भायर टाळ रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

कुणी मोबाईलवर शूटिंग करत होतं, कुणी वड्यांच्या पिठाबद्दल बोलत होतं. तोंडं सवयीने उघडत होती. दशरथने त्याच सुरात, मधे श्वासही न घेता, पुढचं वाक्य घातलं.

"ह्या वर्षापासून तुका कोंब्याच्या जागेर कोहाळो देतलव, तो गोड मानून घे रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

झालं! सगळ्यांनी देवासमोर कबूल केलं होतं आणि कुणाला पत्ताही नव्हता. दशरथला तिथेच फुगडी घालावीशी वाटली. आता फक्त कोहळा बाहेर काढायचा होता. तेवढ्यात त्याची नजर शेंदरी दगडावर गेली. वर्षभर माणसांना फसवलं ते फसवलं, आता देवासमोरही तेच? ते काही त्याला पटेना. त्याने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं, सावकाश, साध्या बोलण्यात. यंदापासून कोंबडा नाही, कोहळा.

या वेळी कुणीच ओ दिली नाही. मोबाईल खाली आले. मग एकच गलका उठला आणि नितेश लालबुंद होऊन पुढे आला.

"काका, तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा ना. प्रथा कशाला मोडताय?"

दशरथने सगळं सांगून टाकलं. कोंबड्याचं मशीनवर झोपणं, त्याचं आपणहून हातात येणं, ॲसिडिटीचं खोटं. मग त्याने कोयता नितेशपुढे धरला.

"माझ्याच्यानं आता होणार नाही. तू काप. मी गाऱ्हाणं पुरं करतो."

इतक्या लोकांसमोर नितेशला माघार घेता येईना. त्याने कोयता घेतला, खांबाची दोरी सोडली आणि कोंबड्याला उचललं. चाळीस वर्षं हक्काने तंगडी मागून घेणाऱ्या या माणसाने जिवंत कोंबडा पहिल्यांदाच हातात धरला होता. कोंबडा फडफडला, मग त्याच्या इस्त्रीच्या शर्टाला चिकटून गप्प बसला. नितेशचा एक हात त्याच्या छातीखाली होता.

नितेशने वाकून कोयता खाली ठेवला.

"काका, ह्याचं काळीज केवढं उडतंय हो," तो म्हणाला. मग देवाकडे वळला आणि एकटाच म्हणाला, "व्हय म्हाराजा."

मागून रत्नप्रभेचा आवाज आला, मग आणखी दोघांचा, आणि मग सगळ्या पार्किंगचा. आता गाऱ्हाणं पुरं करायचं होतं, पण बावीस वर्षं कधी न अडखळलेल्या दशरथला पुढचा शब्दच फुटेना. तो देवापुढे हात जोडून ढसाढसा रडत होता, आणि इतका आनंद त्याला आयुष्यात कधी झाला नव्हता.