नाव न घेता फोन लावायचा कसा?

फोनची मेमरी भरली की तो ओरडतो, "जागा नाही, काहीतरी काढा!" माझ्या डोक्यात माहेरच्या विहिरीपासून कालच्या भांडणापर्यंत सगळं पडून आहे, अजून कोणी काढा म्हणालं नाही. शेवटी माझी सून स्नेहल म्हणाली, "आई, तुम्ही ब्लॉग लिहा." मी म्हटलं, "गो बाय, मला 'अ' पण काढता येत नाही!" ती म्हणाली, "तुम्ही बोला, फोन लिहील." झालं! मी बोलते, फोन लिहितो, स्नेहल वाचून दाखवते आणि मग आम्ही ते जगासमोर टाकतो.

आता आमच्या जोगेश्वरीच्या बिल्डिंगमध्ये दुपारी जेवणं झाली की बायका माझ्या दारात मोबाईल घेऊन बसतात. मी शिकवते. होय, मीच!

*

मला वाचता येत नाही, म्हणून स्नेहलने माझ्या फोनमध्ये नावांच्या जागी चित्रं टाकली. गॅसवाल्याला सिलिंडर, लेकीला मोगरा. कोणाला काय, ते मी सांगायचं. एक दिवस तिने स्वतःच्या नंबरवर बघितलं तर लाल मिरची!

"आई, मी मिरची?"

"अगं, तिखट म्हणून नाही. लाल रंग पटकन दिसतो."

"मग तुमच्या मुलाला कांदा का?"

"तो नवऱ्यासारखा नवरा आहे ना तुझा? मग तूच सांग, डोळ्यांतून पाणी कोण काढतो!"

संध्याकाळी तिने कांदाभजी केली.

*

एकदा बोंबलाच्या कालवणावर ब्लॉग बोलत होते. नेमकी गोराईची आमची मासेवाली दारात आली. फोन चालूच राहिला. माझं कालवण, तिची टोपली, "ताजे नाहीत गं", "मावशी, डोळे तपासून घे", "ते तू शेजारणीला सांग", "बरं, निम्म्या भावात ने", सगळं फोनने इमानदारीत लिहिलं. स्नेहल ऑफिसच्या घाईत. तिने न वाचताच टाकून दिलं.

लोकांना कालवण कळलं नाही, भांडण फार आवडलं!

दोन दिवसांनी मासेवाली आली ती टोपली खाली न ठेवताच. "मावशी, माझी वाट लावलीस! आता जो येतो तो ब्लॉगचाच भाव मागतो!"

*

लोक खाली दोन शब्द लिहितात, त्याला कमेंट म्हणतात. आमच्यात कोणी बरं बोललं की "या चहाला" म्हणायची पद्धत. मी प्रत्येकाला म्हटलं. पत्ताही दिला.

रविवारी मुलुंडहून एक जोडपं पेढे घेऊन हजर! स्नेहल केस धुऊन टॉवेल गुंडाळलेली.

मला आत ओढून म्हणते, "आई, इंटरनेटवर पत्ता देत नाहीत हो!"

"मग माणसं चहाला येणार कशी?"

पत्ता तिने त्याच दिवशी काढून टाकला. ते जोडपं मात्र अजून येतं.

*

स्नेहलने सांगितलेलं, वाक्य संपलं की "पूर्णविराम" म्हणायचं, म्हणजे फोन टिंब देतो. ती सवय अशी लागली की काय सांगू! वरच्या मजल्यावरची बाई रोज कुंडीचं पाणी माझ्या वाळवणावर सोडते. मी जिन्यात उभी राहून म्हटलं, "उद्यापासून पाणी सोडायचं नाही, पूर्णविराम!"

बाईने कुंडी आत घेतली. तिला वाटलं, काहीतरी कायद्याचं आहे.

*

आता सुमतीचं सांगते. माझी शेजारीण. तिचे यजमान, आमचे अण्णा, माणूस देव, पण हल्ली रस्ते विसरतात. कोपऱ्यावर दाढीला जातात आणि भलत्याच गल्लीत सापडतात. मुलगा संदीप पुण्याला. तो म्हणाला, "आई, दिवाळीपर्यंत तुला बाबांना फोन लावता आला पाहिजे. नाहीतर दोघांना पुण्याला घेऊन जाणार."

सुमती रडकुंडीला आली. "आक्का, पुण्यात मी भांडू कोणाशी?"

तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू, चित्रं दिसत नाहीत. बोलूनच लावायचा. मी बटण दाखवलं. "हे दाबायचं आणि सांगायचं, विष्णूरावांना फोन लाव."

"अगो, त्यांचं नाव? मी?"

सुमतीने जन्मात नवऱ्याचं नाव घेतलेलं नाही. लग्नात सगळ्या जणी उखाण्यासाठी मागे लागल्या, तर हिने तोंडात लाडू कोंबला!

म्हणून मी लावून दाखवला. फोनमधली बाई गोड आवाजात म्हणाली, "विष्णूराव यांना कॉल करत आहे."

सुमती लालबुंद. "बघ, बघ भवानी! माझ्या नवऱ्याचं नाव कशी खुशाल घेते!"

*

मग स्नेहलने युक्ती केली. अण्णांचा नंबर "अहो" नावाने टाकला. झकास! पण सुमतीचं प्रत्येक वाक्य "अहो"नेच सुरू होतं. फोनलासुद्धा ती मान देते. बटण दाबून विचारते, "अहो, आज ऊन पडेल का?" की लागला अण्णांना फोन. "अहो, भजन लावा की." परत अण्णांना!

अण्णा बिचारे दर वेळी अर्ध्या वाटेतून घरी पळत येत. शेवटी हात जोडून म्हणाले, "स्नेहल, माझं नाव परत टाक गं. हरवलेलं परवडलं!"

*

दिवाळीच्या आधी संदीप आला. येताच माळ्यावरची मोठी बॅग खाली काढली. अण्णा केस कापायला गेलेले. चहा झाला, दिवे लागले, अण्णा नाहीत. खाली सलूनवाला म्हणाला, "ते कधीच गेले."

संदीपने खिशातून फोन काढला. मी त्याचा हात धरला. "थांब. तिला लावू दे."

"आक्का, ही काय वेळ आहे?"

"हीच आहे."

सुमतीने फोन हातात घेतला. दारात अख्खा मजला जमलेला. तिने एकदा त्या बॅगेकडे बघितलं. मग डोक्यावर पदर घेतला, मान खाली घातली, बटण दाबलं आणि म्हणाली,

"पदर घेतला डोक्यावर, दिसत नाही डोळ्यांना,
लाव बाई फोन माझ्या विष्णूरावांना!"

फोनमधली बाईसुद्धा क्षणभर थांबली. मग म्हणाली, "विष्णूराव यांना कॉल करत आहे."

"हॅलो? अगं, मी जोगेश्वरीच्या गुंफांपाशी आहे. आपली गल्लीच सापडत नाही."

सुमतीचा आवाज एकदम खणखणीत. "तिथेच थांबा. रिक्षाला हात करा आणि रिक्षावाल्याला फोन द्या. हां भैया, सुनो, शाळेच्या बाजूने आत घ्या, पिंपळाकडून लेफ्ट, और उनको बीच में उतारना नहीं!"

ती रस्ता सांगत होती तेवढ्यात संदीपने बॅग उचलली आणि गुपचूप माळ्यावर टाकली.

फोन परत अण्णांकडे आला. मागे रिक्षाची धडधड.

"सुमे, फोन तू लावलास?"

"हो."

"बोलून?"

"मग कसा लागतो?"

"म्हणजे नाव घेतलंस?"

"घेतलं."

"सगळ्यांसमोर?"

"पोरासमोर पण."

अण्णा म्हणाले, "आणि नेमका मीच नव्हतो! आता आलो की परत घे."

"एकदा घेतलं ते घेतलं," सुमती म्हणाली. "पूर्णविराम!"