ट्यूडर घरातली रिकामी खोली

आईचं विमान संध्याकाळचं होतं आणि बॅगा गाडीच्या डिकीत होत्या. बाबा गेल्यानंतर ती पहिल्यांदाच शिकागोला आमच्याकडे राहायला आली होती. आता कायमची इकडेच ये, म्हणून मी रोज तिच्या मागे लागले होते. ती रोज "बघू" म्हणत होती. मला या "बघू"चा भयंकर राग येतो. आमच्या घरात "बघू" म्हणजे नाही.

हाताशी वेळ होता म्हणून नवऱ्याने शहरातलं एक जुनं ट्यूडर, म्हणजे जुन्या इंग्लिश धाटणीचं, घर दाखवायला नेलं. पांढऱ्या भिंतींवर काळ्या लाकडाच्या आडव्यातिडव्या पट्ट्या, खिडक्यांना बारीक बारीक तावदानं.

"बिस्किटाच्या डब्यावर असतं तसं घर आहे गं," आई म्हणाली. एरवी मी हसले असते.

आत पिकल्या केसांची एक गाईड होती. ती सांगायची, मी आईला मराठीत सांगायचे, नवरा घड्याळ बघायचा. वरच्या मजल्यावर एका खोलीच्या दारात आडवी दोरी बांधली होती. आत नीट अंथरूण घातलेला पलंग.

"मालकाने ही खोली आपल्या आईसाठी बांधली," गाईड म्हणाली. "सगळं घरच तिच्या इंग्लंडमधल्या घरासारखं बांधून घेतलं. ती कधी आलीच नाही."

मी शेवटचं वाक्य गाळलं. आई दोरीला धरून पलंगाकडे बघत राहिली.

"इथे कोणी झोपलेलंच नाही," ती म्हणाली.

"अगं, म्युझियम आहे हे! कोण झोपणार?"

"तसं नाही. त्याची आई आलीच नाही ना? बिचारा मुलगा."

नवरा म्हणाला, "चला आई, ट्रॅफिक लागेल."

निघताना आईने गाईडला हात जोडले आणि म्हणाली, "येते हं." काय म्हणाल्या, असं त्या बाईने मला विचारलं.

"पुन्हा येईन म्हणतेय," मी सांगितलं, आणि मला उगाचच बरं वाटलं. निघताना "जाते" म्हणायचं नाही, ते अशुभ, हे मला आईनेच शिकवलेलं. ती भाजीवालीलासुद्धा "येते" म्हणते, हे काय मला ठाऊक नव्हतं? तरी वाटेत मी तोच शब्द धरून बसले. एकदा मलाही म्हणू दे, मग ती येईलच.

विमानतळावर सिक्युरिटीपाशी ती नवऱ्याला म्हणाली, "येते हं, जपून ड्राइव्ह करा." मग माझा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"जाते गं."

"आई, असं म्हणू नये! येते म्हण."

"तुझ्याशी कशाला खोटं बोलू?" ती म्हणाली, आणि पर्स खांद्याला लावून रांगेत जाऊन उभी राहिली.