घोय म्हणजे घोळ

कारंज्याला आम्ही बिऱ्हाड केलं ते मिलोच्या दिवसांत. रेशनवर ती परदेशी लाल ज्वारी मिळायची. आमच्याकडे कोंबड्यांनीही ती चिवडून सोडली असती. हे कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून लागले होते. मी रत्नागिरीकडची, चौथीत शाळा सुटलेली, समुद्राच्या वासाशिवाय झोप न येणारी, त्या कोरड्या गावात येऊन पडले होते.

खोली मावशींची. आमच्याच समाजाच्या, एकट्या, रोज दुसऱ्यांच्या शेतात निंदणाला जाणाऱ्या. परमुलखातल्या माणसांना त्यांनी फार चौकशी न करता छप्पर दिलं, ते ऋण मी विसरत नाही. पण त्यांच्या खाण्याबद्दल काही चांगलं लिहिणं मला जमायचं नाही. दिवसभर लोकांच्या पिकातलं तण उपटायचं आणि संध्याकाळी तेच पदरात बांधून आणून शिजवायचं. तरोटा म्हणजे आमचा टाकळा. तो आम्हीही खातो, पण ओलं खोबरं घालून, माणसासारखा. इथे नुसती मिरची आणि लसूण. शेळी खाते तेच ही माणसं खातात, फोडणी तेवढी जास्तीची, असं मी ह्यांना म्हणायची.

बोलण्यालाही मी नाक मुरडायची. बायकाही स्वतःबद्दल ‘मी येतो’ म्हणायच्या. आणि ळ तर त्यांच्या जिभेला ठाऊकच नव्हता. डोळा म्हणजे डोया, केळं म्हणजे केयं. मी लवकरच गोम ओळखली: य ऐकला की तिथे ळ बसवून बघायचा. एवढा मोठा शोध लावल्यासारखी मी फिरत होते.

तेवढ्यात मला दिवस गेले आणि पोटात काही टिकेना. मिलोची भाकरी तर नुसती बघूनच ढवळायचं. हे घाबरले. “असंच चाललं तर तुला गावी सोडून येतो,” म्हणाले. गावी म्हणजे सावत्र आईच्या हाताखाली. तिथून मी कशी सुटले होते ते माझं मला माहीत. मग मी ह्यांच्यासमोर खाल्ल्याचं नाटक करायची आणि सांदवाडीत, म्हणजे मागच्या परसात, जाऊन ओकायची.

मावशींनी एकदा पाहिलं.

“काहून वं, काईच टिकून नाई राह्यलं?”

“नाही.”

“थांब, उद्या घोय आनतो तुह्यासाठी. तोंडाले चव येईन.”

घोय. मी लगेच ळ बसवला. घोळ! आमच्याकडे घोळ म्हणजे मासा, पांढऱ्या जाड तुकडीचा, आमच्या घरात सणासारखा यायचा. कारंज्यात तो कुठून येणार, हा विचार मनात आलाच नाही. दुसऱ्या दिवशी गावाहून आणलेला शेवटचा नारळ फोडला, वाटण वाटलं, भात टाकला. हे कामावरून आले.

“वाटण कशाला?”

“मावशी घोळ आणतायत.”

हे हातपाय धुऊन न बोलावता पाटावर येऊन बसले.

मावशींनी वाटी आणून ठेवली. तुरीच्या डाळीत हिरवा, बुळबुळीत लगदा.

“मासा कुठंय?” ह्यांच्या तोंडून गेलंच.

“कायचा मासा?”

“घोळ म्हणालात ना.”

“मंग हे काय हाय? घोयच त हाय. तुमच्या सांदवाडीत पसरली, तेच भाजी. तुमची बायको रोज तिच्यावरच खरकटं पानी फेकते.” मग त्यांच्या लक्षात आलं. त्या चौकटीला टेकून हसत सुटल्या. “मासा समजली का वं? समुद्रातून कारंज्याले कसा येईन तो? एष्टीचं तिकीट काढून?”

परसातलं ते लालसर दांड्यांचं, जमिनीला चिकटून सरपटणारं गवत माझ्या डोळ्यांसमोर आलं. त्यावर मी खरकटं सोडून आणखी काय काय टाकलं होतं, तेही आलं.

“हे वावरातली हाय, भिऊ नको,” मावशी म्हणाल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या.

खोली त्यांची. मी श्वास रोखून घास गिळला. आंबट लागला, कैरीची साल चावल्यासारखा. दुसरा घेतला. सवयीने उठून दाराशी गेले, थांबले. काही वर आलं नाही. परत येऊन बसले आणि वाटी संपवली. ह्यांनी वाटणाशी भात खाल्ला.

त्यानंतर निंदणावरून येताना मावशींच्या पदरात माझा वाटा असायचा. गावी पाठवायचं बोलणं हळूहळू बंद झालं. मुलगी कारंज्यातच झाली, मावशींच्या हातांवर. गल्लीतल्या बाया मला मासेवाली म्हणायच्या, ते नाव काही सुटलं नाही.

घोळ मला अजूनही गवतच वाटते. सांदवाडी साफ करताना खुरपं तिला वळसा घालून जायचं एवढंच, आणि खरकटं पाणी दुसऱ्या कोपऱ्यात. मुलगी बोलायला लागली तेव्हा तिकडे बोट दाखवून ‘घोय’ म्हणाली. घोळ म्हण, असं हे तिला शिकवू लागले. मी म्हटलं, राहू द्या. त्या गवतासाठी ळ कशाला वाया घालवायचा.