खंडेनवमीची लसूणघास

बंगळूरला आमचं घोड्यांचं युनिट होतं. मी दफेदार, तबेला माझ्याकडे. पहाटे खरारा, मग परेड, मग चारा. चारा म्हणजे जांभळ्या फुलांची लसूणघास. मूळची रानातली, पण घोड्याला मिठाई. इथले लोक तिला घोड्याची मेथीच म्हणतात. कापली की सावलीत सुकवायची आणि मापात द्यायची. ओली भरपूर खाल्ली की पोटात वायू धरतो आणि घोडा हातचा जातो.

खंडेनवमीला मात्र सगळ्यांनी कायदा धाब्यावर बसवला. घोड्यांना झेंडूच्या माळा, कुंकू. फॅमिली आल्या. नैवेद्य सुका कोण देतो? बायकापोरांनी सकाळीच दंवात भिजलेली घास कापून आणली, आणि सगळ्यांना भरवायला एकच घोडी हवी, आमची देखणी राणी. ‘स्वल्प घे गं’ म्हणत प्रत्येकीनं मूठभर चारली.

दुपारी राणी पोटाकडे वळून बघू लागली. घाम फुटला, गुडघे मोडू लागले. लोळली की आतडं पिळतं, मग खेळ खल्लास. तिचा स्वार लान्स दफेदार परशुराम, इथल्याच के. आर. पुरमचा, आपल्यातलाच मराठी. त्यानं लगाम धरला. मी वायरलेस उचलला. कंट्रोल रूमनं घोड्यांचे डॉक्टर मेजरसाहेब जोडून दिले, ते ट्रॅफिकमध्ये अडकलेले.

"लोळू देऊ नका. चालवत ठेवा. ओव्हर."

म्हणे चालवत ठेवा! पुढून परशुराम ओढतोय, मागून मी खांदा लावतोय. मैदानाला फेऱ्यांवर फेऱ्या. तो तिला कन्नडमध्ये निवडक शिव्या घालत होता. साहेब धावत आले, इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घातली आणि पुन्हा चालवायला लावलं. लीद पडली की वाचली, म्हणाले.

आणि राणीनं शेपूट उचललं.

"कंट्रोल, राणीनं लीद टाकली! ओव्हर."

पलीकडून जयघोष झाला. अहो, लीद बघून एवढा आनंद मला आयुष्यात परत झाला नाही. परशुराम घोडीच्या गळ्यात पडून ढसाढसा रडला. मीही रडलो, लाज कसली?

पुढं त्याची बदली उत्तरेला झाली, खेचरांच्या तुकडीत. चौकीवर रसद नेताना हिमकडा कोसळला. परशुराम परत आला नाही.

दर खंडेनवमीला मी राजाजीनगरहून के. आर. पुरमला त्याच्या आईकडे जातो. बर्फाचं ती कधीच विचारत नाही. घोडीचं सांग, म्हणते. गोष्टीत लीद पडली की पोट धरून हसते. मग हळूच विचारते,

"रडला होता ना रे तो?"

"रडला होता, आई."

"बरं झालं. घरी कधी रडला नाही."